दोनशे बारा व्हॉल्व्ह आणि एक पान

४ फेब्रुवारी

मामा,

फोन केला असता, पण तुझं कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि मग तू मला सोडून त्याच्याशीच भांडत बसतोस. म्हणून पत्र. मामीला नमस्कार, तुला कामापुरता.

मला पुन्हा एक प्रोजेक्ट मिळालाय. मागच्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, तरी एकदा सांगून मोकळी होते. कुरियर कंपनीला पार्सल कुठे पोचलं एवढं दाखवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. जो जे मागेल त्याला मी "हो, तेही करू" म्हणत गेले. दीड वर्षाने त्यात कर्मचाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, गोदामातल्या उंदरांची नोंद होती, फक्त पार्सल कुठे आहे ते कळत नव्हतं. कंपनीने ते घेतलंच नाही.

या वेळी मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तीस एप्रिलपर्यंत स्कोप लिहायचा. काय करणार, काय नाही, सगळं. त्यावर गिऱ्हाइकाची सही आणायची. तोवर कोडची एक ओळ लिहायची नाही. सही आली नाही तर हे काम दुसऱ्या कोणाला, आणि तू खाली फोनवर." खाली म्हणजे तळमजला. हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि शेवटी "आणखी काही मदत करू का" विचारायचं. मी तिथूनच सात वर्षांपूर्वी वर आले. मला परत जायचं नाही, मामा.

आता गंमत ऐक. गिऱ्हाईक म्हणजे तुझं पाणीखातं. तू जिथे चौतीस वर्षं चावीवाला होतास आणि त्यातली वीस वर्षं युनियनचा भोंगा होतास, तेच. त्यांना "पाणी सोडण्याचं सॉफ्टवेअर" हवंय. चावीवाले नेमकं काय करतात असं मी मुख्य अभियंत्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाणी सोडतात." पुढे विचारलं तर म्हणाले, "आणि बंद करतात."

तर तू सांग. अर्धं पान. भाषण नको.

ठमी


११ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी पाकिटात वेगळे भरत नाही.

चौतीस वर्षांचं काम अर्ध्या पानात मागणारी तू पहिली नाहीस. पेन्शनच्या अर्जातही तेवढीच जागा होती.

आमच्या शहरात पाणी सगळ्यांना एका वेळी देता येत नाही, कारण टाकीत तेवढं नसतं. म्हणून पाळीपाळीने एकेक भाग उघडायचा आणि बंद करायचा. हे कोण करतं? साहेब नाही, पंप नाही, नकाशा नाही. चावीवाला करतो. खांद्यावर छातीइतकी उंच लोखंडी चावी. रस्त्यात झाकण, झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. असे दोनशे बारा व्हॉल्व्ह आणि सतरा माणसं. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे वेगळे. एकाला आठ पुरतात. दुसऱ्याला बावीस द्यायचे आणि अर्धा मागे घ्यायचा. एक फेरा जास्त झाला तर जुनी नळी तडकते, एक कमी पडला तर वरचे मजले कोरडे. व्हॉल्व्हवर नंबराच्या पट्ट्या होत्या, त्या तीन वेळच्या डांबराखाली गेल्या. म्हणून आम्ही नावं ठेवली. एक घोरणारा आहे, एक सावत्र आई आहे, एक उलट्या आहे, तो डावीकडे उघडतो. साहेबांच्या नकाशावर एकशे सतरा नंबर आहे. कुठे आहे विचार, ते नकाशावर बोट ठेवतील. नकाशावर बोट ठेवून आजवर कोणाच्या नळाला पाणी आलेलं नाही.

फेरे झाले की चावीवाला दहा मिनिटं तिथेच उभा राहतो. चावीवर तळहात ठेवून नुसता उभा. माझं निम्मं आयुष्य असं उभं राहण्यात गेलं आणि मला त्याची लाज नाही.

आता तुझ्या स्कोपबद्दल. आम्ही त्याला "काम किती आणि कोणाचं" म्हणतो. ठमे, पहिला प्रश्न हा विचारायचा: दुखतंय कोणाला? साहेबाला दुखतं ते टेलिफोन वाजतो म्हणून. चावीवाल्याचं दुखणं वेगळं आहे. म्हातारा माणूस निवृत्त होतो, त्याचे फेरे त्याच्याबरोबर घरी जातात, नवा येतो, अंदाजाने फिरवतो, नळी फोडतो आणि मेमो खातो. दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला, याला मी वीस वर्षं दरवाजासभेत, खात्याच्या गेटबाहेर उभा राहून, कारभार म्हणत आलो. ज्याच्या हातात चावी नाही त्याच्या तोंडून चावीचं काम लिहून घेऊ नकोस. आणि जो भेटेल त्याचं ऐकून वाढवत बसू नकोस. घर बांधताना येणाऱ्या-जाणाऱ्याने सांगितलेली प्रत्येक खिडकी काढलीस तर भिंत उरणार नाही.

जाता जाता एक छोटीशी गोष्ट. सॉफ्टवेअर करतेच आहेस तर त्यात गमबुटांची मागणी नोंदवायची सोय ठेव. आणि रजेचे अर्ज. आणि साहेबांनी कोणत्या तारखेला काय आश्वासन दिलं त्याची यादी, म्हणजे नंतर नाकबूल होता येणार नाही. तुम्हाला संगणकवाल्यांना काय, दोन बटणांचं काम.

तुझा मामा

(मामीकडून: भिंतीचं लिहून झाल्यावर लगेच तीन खिडक्या मागितल्या आहेत, ते वाच. बुटांचं मनावर घेऊ नकोस.)


२६ फेब्रुवारी

मामा,

झालं. झालं. झालं.

गेल्या आठवड्यात तुझ्या शहरात दोन दिवस बैठक होती. घरी यायला जमलं नाही, सकाळी आठला सुरू झालेली बैठक रात्री जेवणापर्यंत चालायची. अकरा अधिकारी एका टेबलाभोवती. हिशेबवाल्यांना बिलं हवीत, तक्रारवाल्यांना तक्रारी, नकाशावाल्यांना नकाशा, जनसंपर्कवाल्यांना एक हसरा थेंब, जो पडद्यावर उड्या मारेल. भांडारपालांना त्यांच्या खोलीतला पंखा किती वेळ चालतो ते नोंदवायचं होतं. का ते विचारलं नाही. सगळं लिहून घेतलं. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ते दोघांचंही लिहून घेतल्यावर मिटलं.

तुझं पत्रही मी त्यांना वाचून दाखवलं. आश्वासनांच्या यादीचा भाग सोडून, घाबरू नकोस. सगळे अगदी लक्ष देऊन ऐकत होते. घोरणाऱ्यावर मुख्य अभियंते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुझे बूट पान एक्केचाळीसवर आहेत, रजा त्रेचाळीसवर.

एकूण चौसष्ट पानं झाली. आणि मुख्य म्हणजे अकराच्या अकरा जणांनी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही केली आहे. एप्रिलची मुदत आणि माझं काम फेब्रुवारीत संपलं. मालकांना आजच कळवलं, ते उठून उभे राहिले. केबिनमध्ये मी त्यांना उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

काही पानं खात्याच्या अंतर्गत कारभाराची आहेत, ती तुझ्या कामाची नाहीत.

ठमी


४ मार्च

ठमाबाई साहेब,

तुमच्या कामगिरीबद्दल अभिनंदन. दोन गोष्टी.

पहिली. सह्या पेन्सिलीच्या आहेत ना? कोपऱ्यात, तिरक्या, दोन अक्षरी? मला न बघता माहीत आहे. आमच्या खात्यात पेन्सिलीची सही म्हणजे कागद माझ्या टेबलावरून पुढे गेला, एवढंच. वाचला असंही नाही. कबूल आहे असं तर अजिबात नाही. जबाबदारी घेतली की शाईने सही, पानाच्या तळाला, पूर्ण नावाने, खाली तारीख. चौतीस वर्षांत माझ्या मागण्यांच्या कागदांवर पेन्सिलीच्या इतक्या सह्या झाल्या की कोपरे काळे पडले. तुला अकरा जणांनी मिळून चौसष्ट पानांवर काही दिलेलं नाही. उद्या खोडरबर घेतील, परवा विचारतील, कोण ही ठमी?

दुसरी. तुझी चौसष्ट पानं काल माझ्या घरी आली. लंबू खात्यातून बिनसह्यांची प्रत घेऊन आला. लंबू म्हणजे माझ्यानंतर माझा भाग ज्याला मिळाला तो चावीवाला. पान बावन्न उघडून त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे तुमचंच लिहिलेलं आहे ना?"

मी तुला वाचून दाखवतो, कारण लिहिताना तू ते वाचलं नसशील. "प्रत्येक चावीला यंत्र बसवून कर्मचारी कुठे, किती मिनिटे आहे याची नोंद. कर्मचारी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी सरासरी दहा मिनिटे निष्क्रिय असल्याचे निवृत्त कर्मचाऱ्याच्या निवेदनावरून दिसते."

निवृत्त कर्मचारी म्हणजे मी. माझ्या माणसांच्या मानेला घंटा बांधायला तू माझ्याच शब्दांची दोरी वळलीस. आणि वर लिहितेस, ती पानं तुझ्या कामाची नाहीत. साहेबांनी माझी दिशाभूल केली ती मी समजू शकतो, त्यांना त्याचा पगार होता.

सोमवारी दरवाजासभा घेतोय. बऱ्याच दिवसांनी. घसा चांगला आहे.

मामा


१२ मार्च

मामा,

दरवाजासभा गाजली असं कळलं. मुख्य अभियंत्यांनी आमच्या मालकांना फोन केला, मालकांनी मला. या खेपेला ते उठले नाहीत. म्हणाले, "पेन्सिल आणि शाई यातला फरक तुला तुझ्या मामाकडून कळतो आणि मला तुझ्या गिऱ्हाइकाकडून. तारीख तीच राहील." म्हणजे मी आज तळमजल्यापासून एका जिन्यावर आहे.

पान बावन्न मी लपवलं. खोटं बोलणार नाही. तुझं पत्र मी वाचलं ते अभिमानाने वाचलं. "दहा मिनिटं नुसता उभा" इथे आल्यावर एक अधिकारी म्हणाला, "म्हणजे रोज एवढा वेळ फुकट?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का उभा राहतो ते मला माहीत नव्हतं. तू लिहिलंच नव्हतंस. दोन पानं लिहिलीस, सावत्र आईची ओळख करून दिलीस, कारण तेवढं राहिलं. मी म्हणायला हवं होतं, थांबा, विचारून सांगते. पण नाही म्हणण्यापेक्षा लिहून घेणं सोपं होतं. ते माझं दुखणं आहे, कुरियरपासूनचं.

आता तुझं ऐक. चौसष्टमधली नऊ पानं तुझी आहेत. मी मोजली. बूट, रजा, आणि बैठकीच्या वेळी तू शिपायाकरवी आत पाठवलेल्या चिठ्ठ्यांतली छत्री, टॉर्च आणि युनियनचा सूचनाफलक. भांडारपालाने एक पंखा मागितला, तोही लाजत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खिडक्या काढू नकोस म्हणणारा माणूस माझ्या घराला नऊ खिडक्या पाडून गेलाय. साहेब एका वाक्यात मागतात, तू भाषण करून मागतोस, एवढाच फरक आहे.

तर आता मदत करू नकोस. खरंच. सल्ला नको, चिठ्ठी नको.

ठमी


२० मार्च

प्रिय ठमे,

मी मामी. हे पत्र तुझ्या मामाला दाखवलेलं नाही, पण पाकीट त्यांनीच आणून दिलं, त्यामुळे त्यांना कळलं असेलच.

तुझं पत्र आल्यापासून ते बोलत नाहीत. घरात इतकी शांतता आहे की नळ गळतोय हे मला पहिल्यांदाच कळलं.

सभेचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल. मी गेले होते, कारण यांना ऐकू येत नाही आणि कोणी काही विचारलं तर मी सांगायचं असं ठरलं होतं. चाळीस मिनिटं बोलले. छान बोलले. मग एका नव्या चावीवाल्याने विचारलं, "म्हणजे काका, आपली मागणी काय?" मी यांच्या कानाशी जाऊन ते सांगितलं. यांनी चौदा मागण्या वाचल्या. टाळ्या झाल्या, लोक चहाला गेले. घरी येताना मी वाटेत चार जणांना विचारलं, सभेत काय ठरलं हो? एक म्हणाला बूट. एक म्हणाला संप. एक म्हणाला काका अजून काय बोलतात. चौथा तुमच्या त्या यंत्राबद्दल सांगायला लागला तर तिसऱ्याने त्याला विचारलं, कसलं यंत्र? मामा शेजारून चालत होते. ऐकू आलं नसेल असं मला वाटलं होतं.

मला तुमच्या कामातलं कळत नाही. मी बहिणीकडे चार दिवस गेले की यांच्यासाठी चिठ्ठी ठेवते. पहिल्या वर्षी अकरा गोष्टी लिहिल्या होत्या, परत आले तर एकही झाली नव्हती आणि न सांगितलेली एक झाली होती, माझा लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात धुतला होता. तेव्हापासून चिठ्ठीत दोनच गोष्टी लिहिते. गॅस बंद करा, दार लावा. आणि खाली मोठ्या अक्षरात, स्वेटरला हात लावू नका. खालचं लिहायला जास्त विचार करावा लागतो, कारण हा माणूस काय काय करू शकतो ते आधी आठवावं लागतं.

आणखी एक. ते दहा मिनिटं का उभे राहायचे ते मलाही माहीत नाही. छत्तीस वर्षांचा संसार झाला, मी कधी विचारलं नाही. तू विचार. पण यांना नको, ज्याला अजून चावी उचलावी लागते त्याला विचार.

मामी


२ एप्रिल

मामी आणि (वाचत असेल तर) मामा,

मागच्या शुक्रवारी मी तिकडे येऊन गेले. कोणाला न कळवता, सकाळी सहाला लंबूच्या मागे सायकलवर बसून. संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर एकोणीस व्हॉल्व्ह केले. चावी एकदा उचलली. दुसऱ्यांदा उचलली नाही.

सातव्या ठिकाणी फेरे झाल्यावर लंबू चावीवर हात ठेवून उभा राहिला. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं काही नाही. एक माणूस जाता जाता म्हणाला, "मजा आहे तुमची." आठव्या मिनिटाला चावी थरथरली. लंबूने माझा हात धरून चावीवर ठेवला, तेव्हा मलाही कळलं, आत काहीतरी अडखळत होतं. त्याने दीड फेरा मागे घेतला, थांबला, पुन्हा हळूहळू दिला. म्हणाला, "हवा अडकली होती, ताई. तशीच सोडली असती तर पुढे वळणावर नळी फुटली असती." हे निष्क्रिय. हे मी टाइप केलं होतं.

परत आल्यावर चौसष्ट पानं बाजूला ठेवली आणि एक पान लिहिलं. त्यात असं आहे:

प्रत्येक व्हॉल्व्हच्या चार गोष्टी चावीवाल्याच्या फोनवर दिसतील. तो कुठे आहे, चावीवाले त्याला काय म्हणतात, कोणत्या बाजूला किती फेरे, आणि नंतर हात ठेवून किती वेळ थांबायचं. बाकी काही दिसणार नाही. बिलं, तक्रारी, हजेरी, रजा, बूट, पंखा आणि थेंब यात नाहीत. चावीवाला कुठे आहे आणि किती वेळ आहे हे कुठेही नोंदवलं जाणार नाही. काम पूर्ण झालं असं तेव्हा म्हणायचं, जेव्हा तो व्हॉल्व्ह कधीच न पाहिलेला चावीवाला नुसता फोन बघून तो बरोबर उघडेल आणि जुना माणूस शेजारी तोंड बंद ठेवून उभा असेल. असे वीस व्हॉल्व्ह, वीसच्या वीस. आम्ही चौघे आहोत, पाच महिने लागतील. नंतर कोणाला काही सुचलं तर वेगळा कागद, वेगळी तारीख, वेगळी सही. आणि हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: फेरे चावीवाल्यांनी सांगितले पाहिजेत. ते सांगणार नसतील तर हे काम होणार नाही.

मामा, तुझी नऊ पानं गेली. बूटही गेले. हसरा थेंबही गेला, तेवढंच समाधान मान.

अकराही जणांना एकेकटं गाठलं. टेबलाभोवती नाही. थेंबवाल्या बाई रडकुंडीला आल्या, पण मी नाही म्हणाले. नाही म्हटल्यावर छत कोसळत नाही हे मला या वयात कळलं. मुख्य अभियंत्यांनी पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "शेवटची अट सतरा जणांकडून लिहून आणा. मग मी शाईने करतो."

इथे अडलंय. लंबूला विचारलं. तो हसला. म्हणाला, "ताई, फेरे सांगून टाकले की आमच्यात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यात फरक काय उरला?"

ते फक्त तुझं ऐकतात, मामा. आणि तू लंबूच्याच बाजूचा आहेस हेही मला माहीत आहे. म्हणून त्यांना पटव असं म्हणत नाही. पान सोबत आहे. ते त्यांच्यापुढे वाच, एवढंच. अठ्ठावीस दिवस उरलेत, त्यानंतर मी जिन्याने खाली.

ठमी


२५ एप्रिल

ठमे,

वाचत होतो. मामीच्या खांद्यावरून नाही, स्वतःच्या हातात घेऊन. उशीर झाला कारण आधी मी तुझ्या पानात तीन दुरुस्त्या सुचवणारं सहा पानी पत्र लिहिलं. मामीने ते वाचलं आणि विचारलं, "हे वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेला आणि वेगळ्या सहीने आहे का?" मी ते फाडलं.

परवा सकाळी भांडाराच्या मागच्या शेडमध्ये सतराही जणांना बोलावलं. तुझं पान वाचलं. दोन मिनिटं लागली. मी खाली बसलो. त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. एकाने पाणी आणून दिलं.

लंबू म्हणाला, "मागच्या बाजूला काय आहे?" मी पान उलटं करून दाखवलं. कोरं. ते हातोहात फिरलं, प्रत्येकाने स्वतः वाचलं. माझ्या आयुष्यात माझा कोणताही कागद सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलेला नाही.

मग लंबूने तुला विचारलेलाच प्रश्न मला विचारला. यंत्र कानात होतं, नीट ऐकू आलं. मी म्हटलं, "साहेब उद्या फसवणार नाहीत याची हमी मी देत नाही. दिली तर मी साहेब ठरेन. पण फेरे म्हणजे आकडा आहे. आकडा लपवून माणूस मोठा होत असता तर तिजोरीला आपण वाकून नमस्कार केला असता. चावी थरथरली हे ज्याच्या तळहाताला कळतं तो चावीवाला, आणि ते या पानावर कोणाला उतरवता येणार नाही. आणि हे वाक्य बघा. कुठे आहे, किती वेळ आहे, हे नोंदवलं जाणार नाही. वीस वर्षं मी यांच्याकडून असं एक वाक्य शाईत मागत होतो. ते मिळालं नाही, कारण दर वेळी त्याच्याबरोबर आणखी तेरा मागत होतो, आणि ते चौदातलं सर्वात स्वस्त उचलून मला द्यायचे. बूट मलाही हवे होते. ते या पानावर नाहीत आणि मी ते इथे घालणार नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लंबू म्हणाला, "मग काका, आधी तुम्ही."

हे तुला माहीत नाही, मामीलाही नव्हतं. टाकीखालचा जो मोठा व्हॉल्व्ह आहे, सगळ्या पूर्व भागाचा, त्याचे फेरे मी निवृत्त होताना लंबूला सांगितले नाहीत. अर्धवट सांगितले. म्हटलं, हवामानाप्रमाणे बदलतात, दर मंगळवारी येऊन विचारत जा. सहा वर्षं तो दर मंगळवारी सकाळी सायकल दाराला लावून आत यायचा, मी खिडकीतून आभाळाकडे बघायचो आणि आकडा सांगायचो. आभाळाचा आणि त्या व्हॉल्व्हचा काही संबंध नाही. आकडा कायम एकच असतो, एकतीस आणि पाव मागे. म्हाताऱ्यांबरोबर घरी जाणाऱ्या फेऱ्यांवर मी भाषणं केली आणि स्वतः एका आकड्यावर सहा वर्षं बसून राहिलो, कोणीतरी विचारायला यावं म्हणून.

सतरा जणांसमोर सांगितलं. एकतीस आणि पाव मागे, उजवीकडे, बारा मिनिटं थांबायचं. लंबूने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "मला चौथ्या महिन्यातच कळलं होतं, काका." आणि त्याने पहिली सही केली. सोळा त्याच्यामागून. शाईने.

मुख्य अभियंत्यांनी सवयीने पेन्सिल उचलली होती. मी तिथेच नुसता उभा राहिलो. पेन त्यांनी स्वतः शोधलं, कप्प्यात तळाला होतं. नाव पूर्ण आहे, तारीख आहे, पान रजिस्टर टपालाने कालच तुझ्या मालकांच्या नावाने गेलं. अठ्ठावीसला पोचेल. त्यांना म्हणावं उठून उभे राहा.

आज मंगळवार. लंबू सकाळी दारावरून गेला. सायकलवरूनच हात केला. मामीने सवयीने तीन कप मांडले होते, तिसरा मी प्यायलो. सव्वासातला पाणी आलं. थोड्या वेळाने मामी आत येऊन म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या बाई सांगत होत्या, आज धार चांगली आहे.

मी म्हटलं, असेल.

मामा